पहिल्या बेडमधली हवा : हट्टी सोन्याच्या रोस्टरची एक केस

पार्श्वभूमी

ही केस एका सोन्याच्या खाणीच्या प्रोसेसिंग प्लांटची आहे, मी तिथे मेटलर्जिस्ट होतो. कंपनीचं सोडाच, देशाचंही नाव सांगत नाही, कारण सोन्याचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे खनिजातला सोनं असलेला दाट भाग, भाजणारे रोस्टर (भट्ट्या) जगात आता इतके कमी उरलेत की देश सांगितला की जाणकाराला प्लांट कळतो. आकडे मुद्दाम गोल केलेत, घडलं ते मात्र जसंच्या तसं लिहितोय.

आधी खनिजाबद्दल थोडं. आपल्याकडे सोन्याची खाण म्हटलं की कोलार आठवतं, तिथलं बरंचसं सोनं क्वार्ट्झमध्ये मोकळं होतं, बारीक दळलं की सुटायचं. आमच्याकडचं सोनं डोळ्याला सोडा, साध्या मायक्रोस्कोपलाही दिसायचं नाही. ते पायराइटच्या आणि त्याहून जास्त आर्सेनोपायराइटच्या कणांच्या आत अडकलेलं, म्हणजे लोखंड, आर्सेनिक आणि गंधक यांच्या पोटात. सोनं विरघळवणारं सायनाइडचं पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. सरळ सायनाइड लावून रिकव्हरी, म्हणजे असलेल्या सोन्यापैकी हाती येणारा भाग, साधारण 80 टक्क्यांच्या खाली आली की त्या खनिजाला रिफ्रॅक्टरी म्हणतात, आमची निम्म्याच्याही खाली यायची. थोडा कार्बनही होता, म्हणजे जे सोनं कसंबसं विरघळलं तेही हा कार्बन परत ओढून घेणार, दुहेरी हट्टीपणा.

म्हणून भाजायचं. दळलेलं खनिज फ्लोटेशनमध्ये फेसावर आणून सल्फाइडचं कॉन्सन्ट्रेट करायचं, त्याची दाट स्लरी रोस्टरमध्ये सोडायची आणि खालून हवा देऊन ते उकळत्या पाण्यासारखं तरंगत ठेवायचं, यालाच फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात. आमच्याकडे असे 2 बेड एकामागे एक होते. पहिल्यात साधारण 500 अंशांच्या आसपास आणि हवा मोजून कमी, म्हणजे आर्सेनिक वाफ होऊन गॅसबरोबर निघून जातं आणि लोखंडाचं मॅग्नेटाइट होतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं काळं ऑक्साइड. दुसऱ्यात 600 ते 650 अंश आणि हवा भरपूर, तिथे उरलेलं गंधक आणि कार्बन जळतो आणि मॅग्नेटाइटचं हेमेटाइट होतं, म्हणजे चुंबकाला न चिकटणारं लाल ऑक्साइड. बाहेर येतो त्या भाजलेल्या मालाला कॅल्साइन म्हणतात. गंधक आणि आर्सेनिक निघून गेलं की कणात भोकं राहतात, घावनाला जाळी पडते ना तशी, आणि त्या जाळीतून सायनाइड आत जाऊन सोनं काढतं. सगळा खेळ त्या जाळीचा आहे, जाळी नीट पडली तर सोनं मिळतं, बुजली तर ते पुन्हा आतच, आणि या वेळी लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये कोंडलेलं.

अडचण

मी तिथे गेलो तेव्हा कॅल्साइनची लीच रिकव्हरी, म्हणजे सायनाइडने विरघळवून मिळणारं सोनं, नव्वद टक्क्यांच्या वर असायची. पुढच्या वर्षभरात ती हळूहळू घसरत ऐंशीच्या अगदी सुरुवातीला आली. एकदम पडली असती तर लगेच पळापळ झाली असती, पण महिन्याला थोडं थोडं गेलं की प्रत्येक महिन्याच्या मीटिंगला एक कारण सापडतं. कधी खाणीतून खोलचा माल आला, आर्सेनिक जास्त आहे. कधी सायनाइडचा लॉट बदलला. कधी सॅम्पलर बिघडला होता. प्रत्येक कारणात थोडं तथ्य होतं म्हणून कोणी खोलात गेलं नाही, मीसुद्धा नाही.

रोस्टरवर मात्र कोणाचाच संशय नव्हता. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दोन्ही बेडचं टेम्परेचर सरळ रेषेत, सेट पॉइंटला, म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्याला, चिकटून, आणि शिफ्टचे ऑपरेटर खरोखरच चांगले होते, त्यातले दोघं-तिघं वीस-वीस वर्षं भट्टीवर काढलेले. कॅल्साइनमध्ये शिल्लक राहिलेलं गंधकही कमीच यायचं, म्हणजे कच्चं राहत नाहीये हे नक्की. त्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं की भाजणं ठीक आहे आणि गडबड पुढे लीचमध्ये आहे. चार महिने आम्ही सायनाइड वाढव, ऑक्सिजन वाढव, टाकीतला वेळ वाढव, हेच करत बसलो. सायनाइडचं बिल वाढलं, सोनं वाढलं नाही.

शोध

पहिला खरा धागा मिळाला तो डायग्नोस्टिक लीचमधून. यात टेलिंगचं, म्हणजे सोनं काढून उरलेल्या गाळाचं, सॅम्पल घेऊन टप्प्याटप्प्याने वेगवेगळी ॲसिडं लावतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर सायनाइडने किती सोनं सुटलं ते बघतात. गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडने लोखंडाचं ऑक्साइड आणि आर्सेनेट (आर्सेनिकचं घन संयुग) विरघळतं, नायट्रिकने सल्फाइड. आमच्या टेलिंगमध्ये नायट्रिकच्या टप्प्याला फारसं काही सुटलं नाही, हायड्रोक्लोरिकनंतर मात्र बरंच सोनं बाहेर आलं. म्हणजे सल्फाइड जळून गेलं होतं आणि सोनं लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये नव्याने कोंडलं गेलं होतं. माल कच्चा राहत नव्हता, आम्ही चुकीचं भाजत होतो.

चुकीचं म्हणजे काय ते मला कळेना. माझ्या डोक्यात जास्त तापमान हेच बसलेलं, कारण 700 च्या वर गेलं की कण वितळल्यासारखे होऊन जाळी मिटते हे पुस्तकात वाचलेलं. पण तापमान तर बरोबर होतं. त्या रविवारी मी पुण्याला आमच्या सरांना फोन केला, कॉलेजात त्यांनीच एक्स्ट्रॅक्टिव्ह मेटलर्जी शिकवलेली, आता रिटायर आहेत. मी आपला ट्रेंड, थर्मोकपल, सेट पॉइंट सांगत होतो, त्यांनी मधेच थांबवलं.

"टेम्परेचर सोड रे. पहिल्या बेडचा माल काळा येतोय का लाल?"

"सर, आम्ही शेवटचं कॅल्साइन बघतो, दुसऱ्या बेडनंतरचं."

"ते लालच असणार. मी पहिल्याचं विचारतोय. हातात घेऊन बघ, गार झाल्यावर लोहचुंबक लाव, आणि मग मला फोन कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका जुन्या ऑपरेटरला घेऊन पहिल्या बेडच्या सॅम्पल पोर्टवर गेलो. लांब दांड्याच्या स्टीलच्या पळीने माल काढला, झाकणाच्या डब्यात गार होऊ दिला. पांढऱ्या एनॅमलच्या बशीत पसरला तर रंग काळा नव्हता, तपकिरीत लालसर झाक, जुन्या कौलासारखा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवला. नीट भाजलेला पहिल्या बेडचा माल उडी मारून चिकटतो, केसाळ ब्रशसारखा उभा राहतो. आमचा थोडासा चिकटला आणि बाकीचा बशीतच पडून राहिला. ऑपरेटर बराच वेळ बशीकडे बघत राहिला आणि म्हणाला की आधीच्या मॅनेजरच्या काळात ते दर शिफ्टला हे करायचे, मग स्क्रीन आली आणि ते बंद पडलं.

म्हणजे पहिल्याच बेडमध्ये मालाचं हेमेटाइट होत होतं, तिथे हवा जास्त होती. आणि हवा जास्त झाली की आर्सेनिकची वाफ होण्याऐवजी ते पुढे ऑक्सिडाइज होऊन लोखंडाबरोबर आर्सेनेट बनतं, घन स्वरूपात कणातच बसतं आणि जाळी लिंपून टाकतं. भिंतीला गिलावा केल्यासारखं. त्यानंतर दुसऱ्या बेडमध्ये तुम्ही काहीही केलंत तरी तो गिलावा निघत नाही.

हवा वाढली कशी

सापडलं ते एका चांगल्या कामाच्या पोटात. वर्षापूर्वी फ्लोटेशनच्या टीमने रिकव्हरी वाढवायला जास्त फेस ओढायला सुरुवात केली होती, फेस पुन्हा एकदा स्वच्छ करणारा क्लीनर सेल बायपास केला होता, आणि त्यांचा आकडा खरंच वाढला, त्याचं कौतुकही झालं. पण जास्त फेस ओढला की सोबत माती-दगड येतो आणि कॉन्सन्ट्रेटमधलं गंधकाचं प्रमाण उतरतं. रोस्टर तासाला ठरावीक टनच खाऊ शकतो, म्हणजे त्याच टनांत गंधक कमी, आणि गंधक हेच आमचं इंधन. बेड गार पडायला लागला. ऑपरेटरने काय करावं? टेम्परेचर टिकवायला पहिल्या बेडची हवा थोडी उघडली, जास्त गंधक तिथेच जाळलं, टेम्परेचर परत जागेवर. महिन्या-महिन्याला थोडं थोडं. कोणाचीही चूक म्हणता येणार नाही, त्यांना जो आकडा सांभाळायला सांगितला होता तो त्यांनी निष्ठेने सांभाळला. हवा आणि गंधकाचं गुणोत्तर मात्र स्क्रीनवर कुठेच नव्हतं.

पर्याय

मीटिंगमध्ये पाच गोष्टी टेबलावर आल्या.

कॅल्साइन अजून बारीक दळायचं, हा सगळ्यात सोपा वाटणारा. लॅबमध्ये बाटल्या फिरवून बघितलं, थोडंसं सुटलं, पण दळण्याचा खर्च काढता हातात काही उरत नव्हतं. कॅल्साइनला कॉस्टिक सोड्याची धुलाई दिली तर आर्सेनेट विरघळून जाळी उघडते, हे लॅबमध्ये छान चाललं, सोनं खरोखर वाढलं. पण मग आर्सेनिकने भरलेलं कॉस्टिकचं पाणी हातात येतं, त्याचं करायचं काय?

तिसरा पर्याय मॅनेजमेंटमधल्या एकाचा लाडका होता, रोस्टरच बंद करून दुसरं तंत्र आणायचं. वेडगळ नव्हता तो. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यूला 1986 पासून बॅक्टेरिया लावून सल्फाइड फोडतात. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या बंद टाकीत, प्रेशरखाली ऑक्सिजन देऊन फोडण्याचं काम कॅलिफोर्नियातल्या मॅकलॉफ्लिनला 1985 मध्येच सुरू झालं, आणि त्यात आर्सेनिक बऱ्यापैकी स्थिर आर्सेनेट म्हणून बसतं हा मोठा फायदा. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीजवळच्या गिडजीचे रोस्टर 2015 मध्ये बंद करून तिथे अतिबारीक दळण आणलं, धुराचा प्रश्नच मिटला. पण तिथलं सोनं पायराइट आणि टेल्युराइडमधलं, आमचं आर्सेनोपायराइटच्या अणुरचनेत शिरलेलं, ते दळून सुटत नाही. आणि बॅक्टेरिया काय किंवा ऑटोक्लेव्ह काय, कार्बन जाळत नाहीत. नेवाडातल्या गोल्डस्ट्राइकला ऑटोक्लेव्ह असतानाही 2000 मध्ये कार्बनवाल्या खनिजासाठी वेगळा रोस्टर उभारला तो याचसाठी. शिवाय नवा प्लांट म्हणजे काही वर्षं आणि प्रचंड पैसा, आमच्या खाणीचं उरलेलं आयुष्य तेवढं नव्हतं.

चौथा, फ्लोटेशन मागे न्यायचं, म्हणजे गंधक परत वर. यात फ्लोटेशनच्या टेलिंगमध्ये थोडं सोनं जाणार. पाचवा, पहिल्या बेडची हवा कमी करायची. हे दोन्ही एकत्रच करावे लागणार हे मला दिसत होतं, कारण गंधक न वाढवता हवा कमी केली तर बेड विझणार.

ज्या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त थांबलो

इथे मला एक गोष्ट टोचत होती आणि ती मी मीटिंगमध्ये बोललो. वर्षभर आम्ही चुकीचं भाजत होतो तेव्हा आर्सेनिक कॅल्साइनमध्ये अडकत होतं. आता नीट भाजलं की तेच आर्सेनिक वाफ होऊन गॅसमध्ये येणार. म्हणजे सोन्याची रिकव्हरी जितकी सुधारेल तितका गॅस क्लीनिंगवरचा भार वाढणार. गॅस थंड केला की आर्सेनिक ट्रायऑक्साइडची पांढरी, पिठासारखी मऊ पूड पडते, ती बॅगहाउसच्या, म्हणजे गॅस गाळणाऱ्या, पिशव्यांत धरायची. पिशवी फाटली तर ती चिमणीतून गावावर. पाण्यात विरघळणारं विष आहे ते.

कॅनडातल्या यलोनाइफच्या जायंट माइनचं उदाहरण मी तिथे दिलं आणि पुन्हा देईन. तिथलं सोनंही आर्सेनोपायराइटमधलंच, 1949 पासून भाजायला सुरुवात झाली आणि सुरुवातीला आर्सेनिक धरायची सोयच नव्हती. 1951 मध्ये जवळच्या डेने आदिवासींच्या वस्तीतलं एक लहान मूल बर्फ वितळवलेल्या पाण्यातलं आर्सेनिक पोटात जाऊन दगावलं. पुढे पूड धरायला लागले आणि ती खाणीतच, जमिनीखालच्या दालनांत साठवत गेले. 1999 मध्ये भाजणं थांबलं तेव्हा खाली 2,37,000 टन पूड जमली होती. आता ती दालनं गोठवून, कायमची गोठलेली ठेवून सांभाळायची असं ठरलंय, सगळा खर्च सरकारी तिजोरीतून. सोनं काढणारे निघून गेले आणि पूड राहिली.

म्हणून मी म्हटलं की हवेच्या व्हॉल्व्हला हात लावण्याआधी बॅगहाउस उघडून बघू आणि सगळ्या ऑपरेटरांच्या लघवीतल्या आर्सेनिकची तपासणी करून आजचा आकडा नोंदवून ठेवू. प्रॉडक्शनवाल्यांना हे उशीर करणं वाटलं, सोनं रोज टेलिंगला जातंय आणि तुम्ही पिशव्या मोजताय. त्यांचाही जीव त्यात अडकला होता, टार्गेट त्यांच्या डोक्यावर होतं. पण प्लांट मॅनेजरने माझं ऐकलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. बॅगहाउस उघडल्यावर बऱ्याच पिशव्यांची शिवण विरलेली निघाली आणि गॅस थंड करणाऱ्या पाण्याच्या नोझलपैकी काही चोंदलेले. कमी भारावर ते चालून जात होतं, वाढलेल्या भारावर नक्की फुटलं असतं.

काय केलं आणि कुठे फसलं

पिशव्या आणि नोझल बदलून झाले. फ्लोटेशनचा क्लीनर सेल परत लाइनमध्ये घेतला, दहा-बारा दिवसांत कॉन्सन्ट्रेटचं गंधक वर आलं. स्लरी अजून दाट केली म्हणजे पाणी उडवण्यात उष्णता कमी जाते. मग हवा.

इथे घाई झाली. दोन शिफ्टमध्ये हवा जवळजवळ ठरवलेल्या आकड्यापर्यंत खाली आणली, सुरुवातीला चुंबकाला माल भरभरून चिकटायला लागला, सगळे खूश. रात्री 2 च्या सुमाराला बेडमधल्या तापमान मोजणाऱ्या 6 थर्मोकपलपैकी 2 बाकीच्यांपासून फुटून वर जायला लागले आणि बेडच्या प्रेशरची सततची थरथर मंदावली. त्याचा अर्थ त्या कोपऱ्यात माल तरंगायचा थांबून खाली बसलाय, आणि बसलेला माल गरम होत होत आपसात चिकटतो. सकाळपर्यंत तिथे क्लिंकर झाला होता, घट्ट, वीटभट्टीत जळून एकजीव झालेल्या विटांसारखा. रोस्टर थांबवून, गार करून तो फोडायला 4 दिवस गेले. खालचे हवेचे काही नोझल आधीपासूनच अर्धे बुजलेले होते हे तेव्हा दिसलं, त्यामुळे त्या कोपऱ्याला सरासरीपेक्षा कमी हवा मिळत होती. सरासरीच्या हिशोबाने आमचा आकडा बरोबर होता, त्या कोपऱ्याच्या हिशोबाने नव्हता.

दुसऱ्यांदा नोझल साफ करून सुरुवात केली आणि हवा दर 2 दिवसांनी एकेक पायरी कमी केली. प्रत्येक पायरीला चुंबक, रंग, कॅल्साइनमधलं आर्सेनिक आणि प्रेशरची थरथर, या चार गोष्टी बघूनच पुढची पायरी. ऑपरेटरांच्या स्क्रीनवर हवा आणि गंधकाचं गुणोत्तर टाकलं आणि त्यांना टेम्परेचरच्या बाबतीत थोडी मोकळीक दिली, म्हणजे टेम्परेचर थोडं उतरलं तरी चालेल, हवा उघडायची नाही, आधी स्लरी बघायची. वीस वर्षांची सवय मोडायला वेळ लागला, पण चुंबक हातात असल्यामुळे पटायला सोपं गेलं, कारण फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता.

निकाल

तीन महिन्यांत लीच रिकव्हरी अठ्ठ्याऐंशीच्या आसपास स्थिरावली. नव्वदीच्या वर ती परत गेली नाही, खोलच्या मालाचं आर्सेनिक आणि कार्बन खरोखरच जास्त होता, म्हणजे सुरुवातीला दिलेलं ते कारण अगदीच खोटं नव्हतं. फ्लोटेशनमध्ये जरासं सोनं सोडावं लागलं, तो तोटा धरूनही एकूण सोनं स्पष्ट वाढलं. सायनाइडही जुन्या पातळीला आलं.

आर्सेनिकची पूड अपेक्षेप्रमाणे वाढली, बॅगहाउसचे हॉपर, म्हणजे पूड साठणारी भांडी, आधीपेक्षा लवकर भरायला लागले. ऑपरेटरांच्या तपासणीत आकडे वर गेले नाहीत, फक्त हॉपर रिकामे करणाऱ्या दोघांचे थोडे वाढले, त्यांचं काम लगेच बदललं, रिकामं करायची जागा बंदिस्त केली आणि पुढच्या तपासणीत ते उतरले.

आज परत करायचं असतं तर

डायग्नोस्टिक लीच पहिल्या महिन्यात केलं असतं. ते काही महागडं नाही, आठवड्याचं काम आहे, आणि त्याने लीचमधली आमची चार महिन्यांची धडपड वाचली असती. फ्लोटेशन बदललं त्या मीटिंगला रोस्टरचा माणूस बसवला असता, तेव्हा त्यांच्या टीमचा फायदा आणि आमच्या टीमचा तोटा वेगवेगळ्या रिपोर्टमध्ये छापला जात होता आणि दोन्ही रिपोर्ट एकत्र ठेवून कोणी वाचत नव्हतं.

क्लिंकरवाली रात्र माझ्या खात्यावर आहे. कमीत कमी किती हवेवर बेड तरंगतो हे गार बेडवर, नोझल साफ करून, आधी मोजायला हवं होतं, मी डिझाइनच्या कागदावरचा आकडा धरून चाललो.

बॅगहाउसचा थांबा मात्र मी परत तसाच घेईन, कितीही ओरड झाली तरी.

एक गोष्ट अजून तशीच आहे. त्या वर्षभराचं टेलिंग, आर्सेनेटने लिंपलेल्या लाल मातीत सोनं कोंडलेलं, गाळ साठवायच्या धरणात पडून आहे. कॉस्टिकची धुलाई करून ते काढता येईल हे लॅबमध्ये दिसलं होतं, पण ते काढायला गेलो तर घन बसलेलं आर्सेनिक परत पाण्यात येणार आणि त्या पाण्याचं काय करायचं याचं उत्तर आमच्याकडे तेव्हा नव्हतं. म्हणून हात लावला नाही. धरणाभोवतीच्या बोअरचं पाणी दर महिन्याला तपासतात, आणि मी तिथून निघालो त्या महिन्याचा रिपोर्ट साफ होता.